कोऱ्या चुली

परवा सकाळी आमच्या इमारतीखालून पेंढ्याचा टेम्पो गेला. इतका भरलेला, की विजेच्या तारेला घासतोय की काय असं वाटलं. वॉचमनने शिट्ट्या मारल्या, रिक्षावाल्यांनी शिव्या हासडल्या, आणि तो आपला रस्ताभर काड्या सांडत, डुलत कचेऱ्यांच्या दिशेने निघून गेला. मी तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी. वास वरपर्यंत आला. नुकत्याच झोडलेल्या भाताचा, उन्हाने तापलेल्या पेंढ्याचा, थोडा धुळीचा. आणि झालं! चहा हातातच निवला, त्यावर साय धरली. सून म्हणाली, "आई, बरं वाटत नाहीये का?" तिला काय सांगणार, कपाळ! म्हटलं, "मासवणकडे झोडणी सुरू झाली वाटतं." ती "हो का" म्हणाली आणि डबा भरायला आत गेली.

ह्या दिवसांना धड नाव नाही. दिवाळी होऊन गेलेली असते, आकाशकंदील उतरवायचा कंटाळा म्हणून तो तसाच लोंबत असतो, थंडी येऊ की नको करत असते. पालघरच्या बाजारात वालाच्या शेंगा यायला लागतात. लोक म्हणतात, काय छान हवा आहे! असेल बाई. मला ही हवा सोसत नाही. छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं, आणि डॉक्टर म्हणतात, आजी, तुमचं हृदय ठणठणीत आहे.

आमच्या घरात ह्या मोसमाला दोन तोंडं होती. इकडे शिवारात भाताची झोडणी आणि तिकडे दिल्लीत संसदेचं हिवाळी अधिवेशन. आमचे हे खासदार होते. साठच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. खासदार म्हटल्यावर डोळ्यांसमोर गाडी, बंगला आणू नका. हे विरोधी बाकावरचे. पक्ष एवढासा, की सगळे सभासद एका टांग्यात बसले असते आणि टांगेवाल्याने वर आणखी एक गिऱ्हाईक घेतलं असतं. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून साऱ्या तालुक्यात ते मास्तरच राहिले. सरकारलासुद्धा हे गृहपाठ न केलेल्या पोरासारखे धारेवर धरायचे. उठायचं, चष्मा सावरायचा आणि विचारायचं. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारायचं.

त्या प्रश्नांची तालीम आमच्या ओट्यावर व्हायची, हे मात्र दिल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. स्टेशनजवळ आमचं भाड्याचं कौलारू घर होतं. मी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसायची आणि हे समोर येरझाऱ्या घालायचे. मी मंत्री. हे विरोधी सदस्य.

"माननीय मंत्रिमहोदय सांगतील काय, की सफाळ्याच्या पलीकडल्या गावांना रस्ता कधी मिळणार?"

मी सुपातले खडे वेचत म्हणायची, "माहिती गोळा करण्यात येत आहे."

"किती वर्षं गोळा करणार?"

"प्रश्न उद्भवत नाही."

"अगं, एवढं चांगलं टोलवू नकोस, मला पुढे सुचत नाही!" असं म्हणून हे हसत सुटायचे. मला तो खेळ फार आवडायचा. तरणीताठी होते, नवरा दिल्लीहून आला की चार दिवस माझा, आणि त्या चार दिवसांतही तो मला मंत्री करायचा. दुसऱ्या कुणा बाईने कपाळावर हात मारला असता. मी मारला नाही, उलट मंत्री म्हणून चांगलीच तयार झाले.

ह्या तालमीला एक प्रेक्षक असायची. सोनीबाई. बोईसरहून पश्चिमेला, खाडीच्या अंगाला तिचा पाडा होता, करंजपाडा. सकाळच्या गाडीने ती पालघरला यायची. कधी वालाच्या शेंगा, कधी करवंदं, उन्हाळ्यात ताडगोळे. टोपली रिकामी झाली की परतीच्या गाडीपर्यंत आमच्या ओट्यावर टेकायची. माझ्याच वयाची. काळी, उंच, हसली की सगळे दात दिसायचे. आमचं नाटक बघून तिची करमणूक व्हायची.

एकदा तिने विचारलं, "मास्तरीनबाय, मास्तर तिकडं कुनाला इचारतात?"

"सरकारला."

"आन् सरकार बोलतो?"

"बोलावंच लागतं. कायदाच आहे तसा."

तिने रिकामी टोपली झटकली. मग म्हणाली, "आन् खोटा बोलला तं?"

मी काही म्हणायच्या आत हे येरझाऱ्या थांबवून म्हणाले, "तर पुन्हा विचारायचं, सोनीबाई. खरं बोलेपर्यंत पुन्हा विचारायचं."

तिला ते फार पटलं. "आसा हाय व्हय," म्हणत तिने टोपली डोक्यावर घेतली.

त्या वर्षी तिच्या पाड्यावरच गदा आली. त्या बाजूला केंद्र सरकारचं मोठं काम निघालं होतं. परगावची माणसं यायला लागली होती, बोईसर स्टेशनात हिंदी ऐकू यायला लागलं होतं. त्या कामाच्या माणसांसाठी वसाहत बांधायची आणि तिच्यासाठी जी जमीन आखली त्यात करंजपाडा आला. जमीन जाणार हे पाड्याने मनाशी धरलं होतं. हे म्हणायचे, काम होऊ दे, पण घराला घर आणि शेताला शेत मिळालं पाहिजे. एवढंच मागणं. अवास्तव काय होतं त्यात?

यांनी दिल्लीत प्रश्न टाकला. उत्तर आलं, की सदर जागेवर वस्ती नाही, फक्त गुरांचे मांडव आहेत. वस्ती नाही म्हटल्यावर घराला घर कुठून मिळणार? कुणीतरी आखणी करायला आला असेल, कुडाच्या भिंती, गवताची छपरं बघितली असतील, आणि दिलं असेल लिहून. यांनी उभं राहून विचारलं, की माणसं राहतात त्याला आपण मांडव म्हणता, मग घर कशाला म्हणता? मग हे म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या खात्यावरही ठेवू नका. बाहेरचं पथक पाठवा. त्यांनी कुणाचं काही ऐकू नये. डोळ्यांना जे दिसेल तेवढंच लिहावं." मंत्री कबूल झाले.

काय आनंद झाला होता आम्हाला! विरोधी बाकावरच्या एकट्या माणसाने सरकारला दिल्लीहून करंजपाड्यापर्यंत यायला लावलं होतं. हे दोन दिवसांसाठी घरी आले ते गाडीतून उतरून, घरी न येता, आधी पाड्यावर गेले. झोडणी ऐन भरात होती. खळ्यावर सगळा पाडा जमला. सोनीबाईचा सासरा लखमाबाबा पाड्यातला मोठा, त्याला यांनी सांगितलं, "दिल्लीहून पाहुणे येणार आहेत. तुमची घरं बघायला. नीट दाखवा."

"दिल्लीचं पावनं? आमच्या घराला?" लखमाबाबाचा विश्वासच बसेना. मग तो ताठ बसला आणि म्हणाला, "तुमी काय काळजी नोको करू, मास्तर. आमी समदा नीट करू."

हे समाधानाने परत दिल्लीला गेले.

त्या पाड्याची एक रीत होती. लग्नाला नाहीतर सोयरिकीला मोठा पाहुणा येणार असला, की घर मोकळं करायचं. आपलं सगळं बाहेर काढायचं. कणगी, मडकी, कांबळी, कोंबड्या, जाळी, पोराची झोळी, सगळं. मग घर आढ्यापासून झाडायचं, भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची. चूल पाडायची आणि नवी घालायची, कारण पाहुण्याला उष्टी चूल द्यायची नाही. घरच्यांनी आपलं खळ्यावर राहायचं. पाहुणा आत असताना त्याने बोलावल्याशिवाय घरच्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. घर त्याचं. यापेक्षा मोठा मान त्यांच्याकडे नव्हता.

पथक आलं त्या दिवशी मी तिथे होते. हे आदल्या दिवशी रात्रीच्या गाडीने आले होते, मी यांच्याबरोबर बोईसरला उतरले, पुढे बैलगाडी. जीप आमच्या आधी पोचली होती. पाडा असा दिसत होता, की माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. एकूण एक घर सारवलेलं, ओलसर शेणाचा वास, दारांवर तांदळाच्या पिठाचे हात उमटवलेले, अंगणात काडी नाही. मला वाटलं, किती सुंदर! यांच्याकडे बघितलं, तर यांचा चेहरा पांढराफटक.

पथकाचे साहेब मूळचे मराठीच, वयस्क होते, शांत, वागायला चांगले. आजही त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही मला. ते एकेका घरात वाकून शिरत होते. आत काहीही नव्हतं. दाणा नाही, चिंधी नाही, खुंटीला दोरी नाही. प्रत्येक घरात ते चुलीपाशी उकिडवे बसायचे, आत हात घालून बघायचे. राख नव्हती. धूर बसलेला नव्हता. सगळ्या पाड्यात एक चूल पेटलेली दिसेना. सगळ्या कोऱ्या.

खळ्यावर पाडा उभा होता. धुतलेली लुगडी, डोक्याला तेल, पोरांची तोंडं पुसलेली. साहेबांनी लखमाबाबाला विचारलं, "बाबा, रात्री कुठं झोपता?"

"हितं. खळ्यावर," लखमाबाबाने हात जोडून सांगितलं. खोटं कसं बोलणार?

"आणि घरात?"

"घरात आता कुनी नाय, सायब. समदा मोकळा केलाय."

तो अभिमानाने सांगत होता हो! मास्तरांनी नीट दाखवा म्हटलं होतं, आणि त्यांनी नीट केलं होतं.

हे पुढे झाले. रीत समजावून सांगायला लागले, पेंढ्याआड लपवलेल्या कणग्या, मडकी, कोंबड्यांचे खुराडे दाखवायला लागले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, खळ्यावर सामान असणारच, हंगाम आहे. माझी नेमणूक घरं बघायची आहे. कुणाचं ऐकायचं नाही, जे दिसेल तेच लिहायचं, ही अट तुमचीच ना?"

यांनी हातातलं मडकं परत पेंढ्याआड ठेवलं.

सोनीबाई खळ्याच्या कडेला पोराला कडेवर घेऊन उभी होती. साहेब उरलेल्या घरांत शिरले, तेव्हा चुलीपाशी वाकलेल्या त्यांच्याकडे ती लांबूनच, उघड्या दारातून टक लावून बघत होती. मी तिच्याकडे बघून हसले. माझ्या अंगात बळ होतं तेवढं लावून हसले. ती हसली नाही.

पुढच्या आठवड्यात मी हट्टाने दिल्लीला गेले. यांना एकटं सोडवेना. प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते, अंगात यांचाच जुना स्वेटर, वर शाल, तरी हुडहुडी. खाली हे केवढेसे दिसत होते! मंत्र्यांनी अहवाल सांगितला. घरं नुकतीच उभारल्यासारखी दिसतात. वापराची खूण नाही. चुली कधीही पेटवलेल्या नाहीत. मग कागद खाली ठेवून ते हसत म्हणाले, की माननीय सदस्य पूर्वी शाळेत होते असं ऐकतो, त्यांनी स्नेहसंमेलनाचा देखावा मात्र छान उभा केला.

सभागृह हसलं. त्यांच्या बाजूचे हसले आणि यांच्या बाजूचेही हसले. मला अजून ते हसू ऐकू येतं. कुकरची शिट्टी होते, वरच्या मजल्यावर पोरं खिदळतात, आणि मध्येच ते हसू येतं.

हे उभे राहिले. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "अध्यक्ष महोदय, त्यांनी पाहुण्यांसाठी चुली नव्या घातल्या होत्या." पुन्हा हशा झाला. खरंच सांगते, ऐकायला ते हास्यास्पदच होतं. त्या अर्धगोल, गालिचा घातलेल्या दालनात पाहुण्यासाठी कुणी चूल पाडतं हे कुणाला खरं वाटणार? यांचे ओठ हलत होते. मला वरून कळत होतं की प्रश्न सुचत नाहीये. मी मनात ओरडत होते, अहो, विचारा ना! पुन्हा विचारा! अध्यक्ष म्हणाले, "पुढचा प्रश्न." दुसरे कुणी सदस्य उठले, साखरेविषयी काहीतरी विचारायला लागले. हे तसेच उभे होते.

परत आलो तेव्हा झोडणी संपत आली होती. शेतांत खुंट उरले होते. सोनीबाई दुसऱ्याच दिवशी आली. टोपलीत शेंगा नव्हत्या, रिकाम्या हाताने कशी येऊ म्हणून टोपली आणली होती. ओट्यावर बसली आणि यांना विचारलं, "मास्तर, आमचा काय चुकला?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. काय सांगतील हे? ह्या माणसाने जन्मभर उत्तरं मागितली होती. गोलमाल उत्तर दिलं तर मंत्र्याला सोडलं नव्हतं. घरातसुद्धा खोटं चालत नसे, दूध नासलं तर नासलं म्हण, मांजराचं नाव सांगू नकोस असा माणूस. हे खाली बघत होते. फरशीच्या फटीत भाताचा दाणा अडकला होता, तो नखाने काढत होते.

"तुमचं काही चुकलं नाही," हे म्हणाले. "घरं तुम्ही चांगली दाखवलीत. सरकारला द्यायचं नव्हतं, म्हणून दिलं नाही. बस्स."

सोनीबाई यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता विचारेल. तिने विचारलं नाही. "बरा," म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

तिच्यामागे हे आत आले, आमच्या चुलीपुढे पाटावर बसले. मी सकाळची राख भरत होते, भांडी घासायला. माझा हात धरला. म्हणाले, "थोडी राहू दे गं." पुढे तो नेमच झाला. चुलीत मूठभर राख ठेवायची. संध्याकाळ झाली, की हे येऊन बघून जायचे. मी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. नवरा-बायकोत काही गोष्टी अशाच राहतात.

पुढचा हंगाम पाड्याने बघितला नाही. माणसं पांगली. कुणी वीटभट्टीवर, कुणी गवत कापायला, कुणी त्याच वसाहतीच्या बांधकामावर घमेली वाहायला. लखमाबाबा सफाळ्याला लेकीच्या दारात गेला आणि तिथेच संपला. सोनीबाई मासवणच्या बाजूला भावाकडे राहायला गेली. नंतरच्या निवडणुकीत हे पडले. लोक हळहळले, मला मात्र मेलं बरं वाटलं, की आता कुणी ह्यांना हसणार नाही. यांचं काम सुटलं नाही, अर्ज, सभा, मोर्चे चालूच राहिले. पण ओट्यावरची तालीम बंद झाली ती कायमची. एकदा मी सूप घेऊन बसले आणि मुद्दाम म्हटलं, "माहिती गोळा करण्यात येत आहे." हे हसले. उठून आत गेले.

आता पालघर जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे. मोठमोठ्या कचेऱ्या, काचेची दारं. आमचं कौलारू घर गेलं, त्या जागी औषधांचं दुकान आहे. मी गॅसवर स्वयंपाक करते. शेगडी रात्री पुसून लख्ख करते, आणि ह्या दिवसांत पुसता पुसता हात थांबतो. लख्ख शेगडी बघवत नाही. सून म्हणते, "आई, झालं की पुसून, किती बघताय?" काय सांगू तिला?

हे गेले त्या वर्षी, झोडणीच्याच दिवसांत, सोनीबाई भेटायला आली होती. कुणाकडून तरी कळलं होतं तिला. केस पांढरे, पाठ वाकलेली, दात गेलेले. पदरात नव्या तांदळाची पुरचुंडी. बराच वेळ ती यांच्या फोटोकडे बघत बसली. मी चहा ठेवायला उठले, तर पाठीमागून म्हणाली, "मास्तरीनबाय, चुलीचा मना ठावं व्हता."

मी वळले.

"तो सायब चुलीत हात घालून बघत व्हता ना, तवाच मना समजला. आमीच राख काढून टाकली. आमीच आमचा घर पुसला." तिचा आवाज कापत नव्हता.

"मग त्या दिवशी विचारलंस ते?"

"मास्तर खरा बोलतो का बघत व्हती."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "सोने, ते खोटं बोलले गं तुझ्याशी. जन्मात एकदाच. मग तू पुन्हा का नाही विचारलंस? त्यांनीच सांगितलं होतं ना, खरं बोलेपर्यंत विचारायचं?"

तिने फोटोवरची नजर काढली नाही. पुरचुंडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"सरकारला इचारावा बाय, पुना पुना इचारावा," ती म्हणाली. "मास्तरला कसा इचारू? रडला असता तो."